रुपें आणि रूप : बडोद्याच्या घरांतील चांदीची निगा

नवरात्र आठवड्यावर आले की बडोद्याच्या मराठी घरांतून एक ठरावीक आवाज येऊ लागतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा ह्या भागांत जुने वाडे जेवढे उरले आहेत, तेवढ्यांत तो अजूनही कानी पडतो. मोरीच्या काठाशी पितळी परात, परातीत देव्हाऱ्यातून उतरवलेले देव, शेजारी वाटीत भिजत घातलेली चिंच किंवा रिठे, आणि ओल्या चिंधीची एकसारखी घसघस. तांब्या-पितळेची उपकरणी अशा वेळी चटकन उजळतात. चांदीची मात्र हट्टी असतात. निरांजन, पंचपात्री, अत्तरदाणी, गुलाबदाणी, कुंकवाचा करंडा, पैंजण, वाळे ह्यांवर चढलेला तो पिवळट-तपकिरी आणि पुढे निळसर-काळा होत जाणारा थर काढता काढता घरातील स्त्रियांची बोटे काळी होतात. चांदी उजळते. पण त्या बोटांवर जे काळे राहिले ते नेमके काय होते, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता बडोद्याच्या इतिहासातून एक फेरफटका आपोआपच घडतो.

आरंभ शब्दापासून करू. कोकणीत चांदीला ‘रुपें’ म्हणतात, गुजरातीत ‘रूपुं’. मराठीतही ‘रुपे’ हा शब्द आहे. परंतु तो आता ‘रुपेरी’ ह्या विशेषणात आणि ‘सोने-रुपे’ ह्या जोडीतच काय तो उरला. म्हणजे गोमंतकातून बडोद्यास येऊन राहिलेल्या कुटुंबाला शेजारच्या गुजराती सोनाराचा हा शब्द घरचाच वाटावा आणि मधल्या मराठी मुलखाने तो विसरावा, अशी ही गंमत आहे. तिन्हींचे मूळ संस्कृतातील ‘रूप्य’ शब्दात आहे. पाणिनीने ह्या शब्दाची सिद्धी सांगताना दोन अर्थ दिले आहेत: ज्यावर रूप ठोकून उठवले आहे ते, आणि जे रूपवान आहे ते. ‘रुपया’ पहिल्या अर्थातून आला. रूप म्हणजे आकृती, मुद्रा, चेहरा. चांदीच्या नावातच चेहरा आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन पडेल.

आपल्या स्मृतिकारांनी भांड्यांच्या शुद्धीचा विचार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे ह्यांना क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी अशी साधने सांगितली आहेत. सोन्याचे भांडे, लेप लागलेला नसेल तर, नुसत्या पाण्याने शुद्ध होते. आणि चांदीचेही तसेच, परंतु ते ‘अनुपस्कृत’ असेल तर. टीकाकार ह्या शब्दाचा अर्थ ज्यावर रेघा-नक्षीचे काम केलेले नाही असे, असा करतात. येथे विचार अर्थातच धार्मिक शुद्धीचा आहे, लखलखाटाचा नव्हे. तरीही साध्या चांदीला पाणी पुरते, आंबट हे तांब्या-पितळेसाठी, आणि नक्षीच्या चांदीचा विचार वेगळा करावा लागतो, ही तीन निरीक्षणे ज्याने केली त्याला धातूंचा सहवास पुष्कळ घडला असला पाहिजे. आधुनिक रसायनशास्त्राशी ती कशी जुळतात हे आपण पाहणारच आहोत.

आता बडोद्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाड ह्यांच्या फौजांबरोबर जी कुटुंबे गुजरातेत उतरली, त्यांनी घरदार देशावर किंवा कोकणात सोडले. देव मात्र सोडले नाहीत. दगडाची मूर्ती घोड्यावरून नेता येत नाही. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेला कुलदैवताचा टाक पडशीत मावतो. घोड्यावर बसलेला खंडोबा, अष्टभुजा भवानी, जोतिबा, लढाईत पडलेल्या पूर्वजाचा वीर: असे हे हाताच्या पंजापेक्षा लहान पत्रे बडोद्याच्या देवघरांत आले आणि राहिले. कारभारी, फडणीस, शिलेदार, भिक्षुक ह्या साऱ्यांच्या घरी ते होते. पुढे वैभव आले तशी ताटे, तांबे, समारंभाची पानदाने आली; पण बडोद्यातील मराठी माणसाची पहिली चांदी हे टाकच होत.

राजवाड्यातील चांदीची गोष्ट निराळी. तिथे चांदी मोजायची नसे, मिरवायची असे. खंडेराव (कारकीर्द १८५६ ते १८७०) आणि त्यांचे बंधू मल्हारराव (१८७० ते १८७५) ह्यांच्या काळातील चांदीच्या आणि सोन्याच्या तोफांची कीर्ती तर विलायतेपर्यंत पोचली होती. नजरबाग राजवाड्यात त्या ठेवलेल्या असत. जुन्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत सोन्याच्या प्रत्येक तोफेचे वजन २८० पौंड दिलेले आढळते, आणि त्या ओढण्यासाठी बाळगलेल्या पांढऱ्याशुभ्र बैलांचाही उल्लेख असतो. सोन्याच्या तोफेला वारा-पाऊस काही करीत नाही. चांदीच्या तोफेचे तसे नाही, ती काळवंडते. म्हणजे सवारीच्या आदल्या दिवशी दरबारातील कोण्या खिजमतगाराच्या वाट्याला तीच घसघस येत असणार, जी आपल्या घरी आजीच्या वाट्याला येत होती. इतिहासकारांनी तोफा करवणाऱ्या महाराजांची नावे लिहून ठेवली, त्या पुसणारांची नाहीत. नजरबाग राजवाडाही आज उभा नाही.

चांदीचे सर्वसामान्य माणसाच्या हाती असलेले रूप म्हणजे नाणे. बडोदे राज्याचा स्वतःचा रुपया होता. त्याला बाबाशाही म्हणत. त्यावर गायकवाडांची वाकडी तलवार असे आणि राजाच्या नावाचे नागरी आद्याक्षर. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात यंत्रावर पाडलेला, महाराजांची मुद्रा आणि नागरी अक्षरे असलेला देखणा रुपया निघाला. विसाव्या शतकाच्या आरंभी राज्याने हे चलन बंद करून इंग्रजी रुपया स्वीकारला. तो रुपया १८० ग्रेन वजनाचा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० साली त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती पूर्णपणे गेलीच. त्यामुळे जुने रुपये लोकांनी डब्यात टाकले. बडोद्यातील कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आजही बाबाशाही रुपये मांडले जातात. मांडण्यापूर्वी ते घासलेही जातात, आणि येथे मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. आठ-नऊ वर्षांचा असताना आजीने मला पाच रुपये पुसायला दिले. मी दंतमंजन घेतले आणि तासभर खपून ते आरशासारखे केले. आजीने शाबासकी दिली. पुढे पुष्कळ वर्षांनी नाण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका स्नेह्यांनी ते भिंगाखाली धरले आणि एक अक्षर न बोलता परत ठेवले. तलवारीची मूठ गुळगुळीत झाली होती; आद्याक्षर कोणते, हे सांगता येईना. नाण्यावरील जुना काळसर थर हा मळ नसून त्याच्या वयाचा दाखला असतो, आणि घासलेल्या नाण्याला संग्राहक दारात उभे करीत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

ज्या नगरीत हा अपराध घडला, त्याच नगरीत वस्तुतः रसायनशास्त्र मातृभाषेतून शिकवण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता. १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढले. रंगकाम, रसायने, चित्रकला, यंत्रकाम असे हाताच्या आणि डोक्याच्या संगमाचे विषय तिथे शिकवीत. पहिले प्रमुख होते सुरतचे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. कारागिराच्या मुलाला इंग्रजी न शिकताही रसायनशास्त्र कळले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी देशी भाषांतून शास्त्रीय पुस्तके करवून घेण्याची योजना त्यांनी महाराजांच्या आश्रयाने मांडली. १९०७ साली निघालेल्या अलेंबिक कारखान्याच्या मुळाशीही गज्जर आहेत. त्यांच्या जोडीला कोटिभास्कर आणि अमीन ही दोन नावे येतात. कलाभवनाची परंपरा आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रशास्त्र शाखेत चालू आहे.

गज्जरांची सर्वतोमुखी झालेली ख्याती मात्र एका डाग काढण्याच्या कामाने झाली, आणि त्या गोष्टीत बडोदे दोनदा येते. मुंबईच्या मैदानाशी राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबल ह्या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा खंडेराव गायकवाडांनी मुंबईस दिलेला. त्याचे अनावरण १८७२ साली झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासले. संगमरवर हा सच्छिद्र दगड. डांबर आत मुरले, आणि घासून ते निघण्यासारखे नव्हते. गज्जर तेव्हा बडोदे सोडून मुंबईस गेले होते. त्यांनी रसायनांच्या साह्याने तो डाग काढून दाखवला. चापेकरांविषयी आदर बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या गोष्टीने जरा अवघडल्यासारखे होते, हे खरे. डांबर फासणारा हात आणि डांबर काढणारा हात, दोन्ही आपलेच. पण रसायनशास्त्राला राणीचे प्रेम नव्हते आणि चापेकरांचा रागही नव्हता. डाग कशाचा आहे, तो कशात विरघळतो, आणि खालच्या वस्तूला धक्का न लावता तो कसा निघेल, हे तीन प्रश्न गज्जरांनी योग्य क्रमाने विचारले. चांदीलाही तेच विचारायचे आहेत.

जाता जाता आणखी एक नाव. कलाभवनातच १८९० च्या सुमारास त्र्यंबकेश्वरहून आलेला एक तरुण चित्रकला आणि छायाचित्रण शिकत होता. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. छायाचित्र म्हणजे तरी काय? प्रकाशाने काळे पडणारे चांदीचे क्षार. घरातील चांदी काळी पडली म्हणून स्त्रिया हळहळत होत्या आणि त्याच गावात हा तरुण चांदी हुकमी काळी करण्याची विद्या शिकत होता. १९१३ साली तीच विद्या पडद्यावर हलू लागली. असो.

चांदी काळी का पडते? लोखंडाप्रमाणे ती गंजत नाही. हवेतील प्राणवायूचे तिच्याशी साधारण तापमानाला वैर नाही. तिचे वैर, किंवा सख्य म्हणा, गंधकाशी आहे. हवेत गंधकयुक्त वायूचा लवलेश असतो: सांडपाणी, कुजणारा पाला, कोळशाचा धूर ही त्याची बाहेरची उगमस्थाने. घरात तो कांदा-लसणातून, हिंगातून, अंड्यातून, लोकरीतून आणि रबरातून येतो. चांदीच्या पृष्ठभागावर त्याचा संयोग होऊन चांदीचे गंधकीद्रव्य, म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, तयार होते. दमट हवेत ही क्रिया जलद चालते. म्हणून पावसाळ्यानंतर, नेमकी नवरात्राच्या तोंडावर, चांदी सर्वांत काळी दिसते. थर पातळ असताना पिवळसर, जरा जाड झाला की तपकिरी, मग निळसर आणि शेवटी काळा. हे रंग थराच्या जाडीचे आहेत. आणि ती जाडी म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग, त्याच्या आसपास.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. ह्या काळ्या द्रव्याच्या वजनातील शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग चांदी असते आणि १३ भाग गंधक. आजीच्या बोटांवर राहिलेले काळे हे बहुतांशी देवघरातील चांदीच होती. एका घासण्यात जाते ती चांदी तोळ्या-माशाच्या हिशेबात येत नाही, हे खरे. परंतु चिंधीबरोबर जी राख किंवा रांगोळी असते ती थर संपला म्हणून थांबत नाही. खालची निर्मळ चांदीही ती खरवडते. चांदी हा मऊ धातू आहे. वाळूतील गारेपुढे तिचा टिकाव लागत नाही. आणि आपल्या कोकणातील भाताच्या तुसाच्या राखेत हाच गारेचा अंश भरपूर असतो! तव्या-पातेल्यांना ती उत्तम. चांदीला ती कानशीच होय. दंतमंजन आणि हल्लीची टूथपेस्ट ह्यांतही दात घासण्यासाठी बारीक खरखरीत पूड घातलेली असते. ती दाताच्या कठीण आवरणासाठी बेतलेली आहे, चांदीसाठी नव्हे.

चिंच, आमसूल, लिंबू ह्यांचे काय? तांबे-पितळेवरचा थर आंबटात विरघळतो, म्हणून तिथे त्यांचा चमत्कार दिसतो. चांदीवरील गंधकीद्रव्य चिंचेला दाद देत नाही. मग चिंचेने चांदी थोडीफार उजळते ती कशी? निर्भेळ चांदी फार मऊ असल्याने दागिन्यांत आणि भांड्यांत तांब्याची भेसळ करावी लागते, आणि ह्या तांब्याचा मळ चिंच काढते. सोनार चांदी तापवून आंबटात उकळतो आणि रिठ्याच्या पाण्यात पितळी तारेच्या कुंचल्याने घासतो, तेव्हाही हेच घडते: वरचे तांबे निघून जाते आणि शुभ्र चांदीचा पातळ पापुद्रा राहतो. रिठे आणि शिकेकाई तेलकटपणा काढण्यास उत्तम, आणि अगदी निरुपद्रवी. जी चांदी रोज वापरात आहे तिला रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ सुती फडके एवढेच पुरते. रोज हाताळली जाणारी पळी काळी पडत नाही आणि कपाटात जपलेली गुलाबदाणी पडते, हे ज्या गृहिणींनी पाहिले असेल त्यांना स्मृतिकारांचे ‘नुसत्या पाण्याने’ हे म्हणणे पटेल.

थर चढलाच असेल तर तो न खरवडता घालवण्याची एक युक्ती रसायनशास्त्राने दिली आहे, आणि ती स्वयंपाकघरात होण्यासारखी आहे. गंधकाला चांदीपेक्षा अॅल्युमिनियम अधिक प्रिय. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यात अॅल्युमिनियमचा पातळ कागद अंथरावा. एक लिटर कढत पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ विरघळवून ते त्यात ओतावे. आणि तेलकटपणा आधी धुऊन काढलेली वस्तू त्या कागदाला टेकेल अशी बुडवावी. स्पर्श हवाच, तो नसेल तर काही घडत नाही. दोन्ही धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, गंधक चांदीला सोडून जातो आणि चांदी जागच्या जागी राहते. नासक्या अंड्यासारखा वास येतो तो ह्या सुटलेल्या गंधकाचाच. म्हणून खिडकी उघडी ठेवावी. काही मिनिटांत काम होते. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तांत्रिक शब्द बाजूला ठेवून सांगायचे तर, घासण्यात काळी झालेली चांदी आपण फेकून देतो आणि ह्या रीतीत ती परत मिळवतो.

मात्र ही रीत सर्वांना लागू नाही, आणि येथे घाई करणारांनी पुष्कळ नुकसान केले आहे. मोती किंवा खडे बसवलेले दागिने, सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तू, आतून लाख भरलेले पोकळ तोडे आणि वाळे ह्यांना कढत पाणी वर्ज्य. लाख वितळून बाहेर येते. ज्या नक्षीच्या खाचांत कारागिराने मुद्दाम काळेपण ठेवले आहे, तीही बुडवू नये. उठावाचे सौंदर्य त्या काळ्या रेघांवर उभे असते. त्या गेल्या की गुलाबदाणी नवीन दिसत नाही, भकास दिसते. ‘अनुपस्कृत’ ह्या शब्दाची येथे पुन्हा आठवण होते. साठवणीविषयी एवढेच की धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. लोकर, रबर आणि छापील वर्तमानपत्र ह्यांच्याशी तिचा संबंध येऊ देऊ नये.

काय काढावे आणि काय राहू द्यावे, हा विचार शास्त्र म्हणून शिकवण्याची सोयही बडोद्यातच झाली. विश्वविद्यालयात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, विश्वामित्रीपलीकडच्या आकोट्यास, म्हणजे प्राचीन अंकोट्टकास, जमिनीतून ६८ जैन धातुमूर्ती बाहेर आल्या होत्या. उमाकांत शाह ह्यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील काही मूर्तींच्या डोळ्यांत चांदी बसवलेली आहे. बडोद्याच्या संग्रहालयात ह्या मूर्तींपुढे उभे राहिले की शेकडो वर्षे मातीत काढूनही ती दृष्टी तशीच आहे असे वाटते. मातीच्या थरांनी त्या डोळ्यांना जपले. दर नवरात्रात राखेने घासले असते तर ते उरले असते काय, असा विचार माझ्या मनात तिथे प्रत्येक वेळी येतो.

हा प्रश्न नुसत्या घरांपुरता नाही. मंगेशी, कवळे आणि गोमंतकातील आपल्या इतर देवस्थानांत पालख्या, प्रभावळी, मुखवटे, गर्भगृहाच्या रुपेरी चौकटी ह्यांची चांदी थोडीथोडकी नाही. तिथे समुद्राकडची दमट, खारट हवा, समयांची काजळी, धूप आणि अभिषेकाची पंचामृते असा सर्व बाजूंनी तिच्यावर मारा असतो. उत्सवापूर्वी ती उजळली पाहिजे ह्याविषयी दुमत नाही. काळवंडलेल्या मुखवट्याची पूजा कोणाच्या मनाला रुचेल? परंतु उजळण्याचे काम ज्याची मजुरी सर्वांत कमी त्याला द्यावयाचे, आणि त्याने तारेच्या घासणीने किंवा फिरत्या यंत्राच्या कुंचल्याने ते दुपारपर्यंत उरकावयाचे, हा प्रघात पुष्कळ ठिकाणी दिसतो. चौकटीच्या सपाट पत्र्याचे एकवेळ निभावेल. मुखवट्याचे नाक, ओठ, भुवया ही उंचवट्याची जागा. घर्षण तिथेच सर्वांत अधिक होते. देवाचे रूप भक्तांच्याच हातून झिजावे, आणि तेही सेवा म्हणून, ह्याला काय म्हणावे? महाजनांनी एकदा आपल्या देवस्थानातील मुखवट्याचे जुने छायाचित्र आणि आजचे शेजारी शेजारी ठेवून पाहावे, एवढीच विनंती आहे.

आमच्या घरच्या टाकांचे तेच झाले. पूर्वजांबरोबर आलेला खंडोबाचा टाक माझ्या आत्याकडे होता. वर्षातून तीनदा, नवरात्रात, दिवाळीत आणि चंपाषष्ठीला, तो घासला जाई. त्या अगोदर तिच्या सासूने आणि तिच्याही सासूने तो तसाच घासला होता. माझ्या लहानपणी त्यावर घोडा ओळखू येत असे, स्वार बोटाने चाचपावा लागे. पुढे बाजारातील एका दुकानदाराने तो ‘पॉलिश’ करून देतो म्हणून नेला आणि यंत्रावर धरला. परत आला तेव्हा लखलखत होता आणि त्यावर काहीही नव्हते. घोड्याच्या पाठीच्या जागी पत्र्याला सुईच्या अग्राएवढे भोक पडले होते. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

नंतर ती तो टाक घेऊन घरच्या जुन्या सोनाराकडे गेली. त्याने तो दिव्यापाशी धरला, भोकातून आलेला प्रकाश तिला दाखवला आणि म्हणाला, “बेन, हवे आमां घसवा जेवुं कांई रह्युं नथी.” घासण्यासारखे आता ह्यात काही उरले नाही. जुना वितळवून त्यातच नवी चांदी घालून दुसरा करून देतो, असे त्याने सुचवले. भंगलेला टाक पूजेत ठेवू नये, अशीच रूढी. आत्याने नवा टाक करवला, पण जुना वितळवू दिला नाही. गुरुजींकडून नव्याची विधिपूर्वक स्थापना झाली. जुना तिने पांढऱ्या मलमलीत गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. आता तो माझ्याकडे आहे. नव्याला मी रिठ्याच्या पाण्याने धुतो आणि मऊ फडक्याने टिपतो. वर्षाकाठी एकदा, थर फारच चढला तर, सोड्याच्या पाण्यात बुडवतो. जुना खणातून काढून नमस्कार करतो आणि तसाच परत ठेवतो. तो पुष्कळ काळा झाला आहे. त्या काळेपणात गेल्या वर्षी, तिरप्या उजेडात, घोड्याच्या मानेची एक रेघ मला पुन्हा दिसली.